राणी चारुमती आणि मुक्या दयाळांचे थवे

एका राज्यात चैत्र आला, पण वसंत आला नाही.

होळ्या पेटल्या आणि विझल्या, दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. पण गुढीला बांधायला कडुनिंबाची कोवळी डहाळी काही मिळेना. आंब्याला मोहर नाही, पळसाला फूल नाही. सकाळी विहिरीवर गेलेल्या बायकांना दोरावर पांढरं हिंव चढलेलं दिसे. पेरलेलं बी जमिनीखाली निजून राहिलं. मेंढ्या व्याल्या, पण कोकरं गारठ्यानं पायांवर उभीच राहिली नाहीत. म्हातारी माणसं उन्हात येऊन बसत आणि तशीच कुडकुडत घरात परतत, कारण ऊन नुसतं दिसायला होतं.

त्या राज्याचा राजा पुष्करसेन. न्यायी होता, शूर होता, आणि आपल्या राणीवर त्याचा फार जीव होता. राणीचं नाव चारुमती. मार्गशीर्षात ती छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. हातपाय बर्फासारखे पडले, ओठ निळे झाले, राजवैद्यांनी मान खाली घातली. आणि मग एके सकाळी राणी उठून बसली आणि म्हणाली, "मला भूक लागली आहे." नगरात साखर वाटली गेली. राणी कशानं बरी झाली, हे कुणी विचारलं नाही. आनंदाच्या वेळी असलं विचारायचं कुणाला सुचतं?

वैशाख तोंडावर आला, तरी गारठा हटेना. तेव्हा दयाळ आले.

दयाळ हा पक्षी एकांडा. एका झाडावर एकच नर बसायचा, शेपटी उभारून गायचा, आणि दुसरा आला की त्याला हुसकून लावायचा, अशी त्याची रीत. त्या मुलखातल्या दयाळांची छाती तांबडी असे, निखाऱ्यावरची राख फुंकावी तशी. असे हे दयाळ चहूकडून थव्यांनी येऊ लागले. आधी एक थवा आला, मग दुसरा, मग आभाळ दिसेनासं झालं. घरांच्या कौलांवर दयाळ, देवळाच्या कळसावर दयाळ, वेशीवर, माळावर, बैलांच्या पाठीवर दयाळ. कुणी कुणाशी भांडेना. कुणी गाईना. हजारो हजार पाखरं चोची मिटून बसली, आणि सगळ्यांची तोंडं राजवाड्याकडे होती.

लोक घाबरले. प्रधान सुमेध दरबारात उभा राहिला.

"महाराज, जमिनीत बी आहे तेवढंच आता प्रजेजवळ उरलं आहे. ही पाखरं ते उकरून खातील. आज्ञा द्या. जाळी टाकू, धूर करू, राज्य मोकळं करू."

राजा पाखरांकडे पाहायचं टाळत होता. तो म्हणाला, "उद्या सकाळी जाळी टाका."

ही आज्ञा राणीच्या कानावर आली, तेव्हा ती आपल्या सज्जात उन्हाला बसली होती. सज्जाच्या कठड्यावर दयाळांची एवढी दाटी की बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांतला एक म्हातारा दयाळ, भुवया पांढऱ्या झालेला, तिच्या अगदी जवळ सरकला आणि माणसाच्या वाणीनं बोलला.

"राणीसाहेब, उजवा हात जरा बाजूला घेता का? तिथं ऊब जास्त आहे."

राणीनं हात बाजूला घेतला. म्हातारा तिथं जाऊन बसला, पंख फुलवले आणि समाधानानं डोळे मिटले.

"बाबा," राणी म्हणाली, "सगळं राज्य गारठलं आहे. मग इथं ऊब कसली?"

"तुमची," दयाळ म्हणाला. "सगळ्या वाड्यावर हिंव आहे, ह्या सज्जावर नाही. पाहिलं नाहीत का कधी?"

राणीनं पाहिलं. समोरच्या मनोऱ्यावर पांढरा थर होता, खालच्या चौकात होता, शेजारच्या खिडकीवर होता. तिच्या कठड्याचा दगड मात्र कोरडा आणि कोमट होता.

"आम्ही वसंताच्या मागं उडणारी पाखरं," दयाळ सांगू लागला. "तो पुढं, आम्ही मागं. तो आला की आम्ही गातो, तो नसला तर आमच्या गळ्यात सूर राहत नाही. यंदा तो कुठंच सापडेना. देशोदेशीचे थवे त्याला शोधत निघाले आणि सगळे इथंच येऊन पोचले. राणीसाहेब, वसंत तुमच्या छातीत आहे."

कठड्याला वाळलेली जाईची वेल होती. तिनं वेलीच्या काटकीवर तळहात ठेवला. थोड्या वेळानं हात उचलला, तेव्हा तिथं पान होतं, आणि पानाच्या आड कळी.

ती उठली आणि थेट राजाच्या महालात गेली.

"महाराज, मार्गशीर्षात मला कुणी बरं केलं?"

पुष्करसेन खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो वळला नाही. तसाच म्हणाला, "तुहिनाक्षानं."

तुहिनाक्ष हा श्वेतगिरीवरचा मांत्रिक. त्याच्या डोंगरावर बारा महिने बर्फ असे आणि त्याच्या मुलखात गवताची काडी उगवत नसे. त्याचं नाव राजवाड्यात कुणी घेत नव्हतं.

"वैद्यांनी हात टेकले तेव्हा मी त्याला बोलावलं," राजा म्हणाला. "त्यानं तुझ्या छातीतला गारठा काढून राज्यावर पांघरला, आणि राज्यावर येणारा वसंत तुझ्या छातीत ठेवला. मोल काही मागितलं नाही. मला वाटलं, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, लोक थंडी सोसतील."

"त्यानं मोल घेतलं आहे, महाराज. त्याचा बर्फ रोज कुठवर उतरतो, ते वेशीवर उभं राहून पाहिलंत का? उद्या तो आपल्या शेतांवर असेल, परवा सिंहासनावर. राज्य गोठलं की ते त्याचंच."

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. आता तो वळला. त्याचे डोळे लाल होते. "चारुमती, हे मी राजा म्हणून मागितलं नव्हतं. नवरा म्हणून मागितलं."

"मग राणी म्हणून मी ते परत करून येते."

"वसंत निघाला की तुझा गारठा तुझ्याकडे परत येईल. तू वाचणार नाहीस."

"ती कोकरंही वाचली नाहीत. ती कुणाची राणी नव्हती, एवढाच फरक."

राजानं महालाचं दार अडवलं. राणी त्याच्यासमोर शांत उभी राहिली. तिनं त्याचा हात हातात घेतला. तिचा हात ऊन होता, चैत्रातल्या दुपारसारखा, आणि त्या उबेचं काय मोल पडलं हे दोघांनाही आता ठाऊक होतं. राजा दारातून बाजूला झाला.

"एक करा," ती जाताना म्हणाली. "मी परत येईपर्यंत एकाही पाखरावर जाळं पडू देऊ नका."

"पडणार नाही," राजा म्हणाला.

म्हाताऱ्या दयाळानं वाट दाखवली. वाटेत त्यानं सांगितलं, "तुहिनाक्षाच्या विद्येला एक अट आहे. ज्याच्या देहात त्यानं काही ठेवलं, ते माणूस स्वतः चालत येऊन परत देऊ लागलं, तर त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून तो कुणाला आपल्यापर्यंत पोचू देत नाही. आधी गोठलेली नदी आहे. मग आरशांची खिंड. तिसरी परीक्षा तो स्वतः घेतो."

राणी चालत होती आणि तिच्या मागं, आभाळ व्यापून, थवे निघाले होते; फार थकलेली पाखरं तेवढी वेशीपाशी बसून राहिली.

नदीवर पोचल्यावर राणीनं बर्फावर पाऊल ठेवलं आणि लगेच मागं घेतलं. पावलाखाली बर्फ वितळून भोक पडलं होतं आणि खाली काळं पाणी धावत होतं. दुसऱ्या कुणालाही ही नदी चालून ओलांडता आली असती, एकटी तीच बुडाली असती. मांत्रिकानं हा पहारा तिच्यासाठीच बसवला होता.

काठावर एक नावाडी राहत होता, त्याचं नाव शेलार. त्याची नाव पौषापासून बर्फात रुतली होती आणि तो तिच्याशेजारी बसून रिकामी चिलीम ओढत होता.

"बाई, माघारी जा," तो म्हणाला. "ह्या बर्फावरून माझा बैल पलीकडे गेला. पण तुमचं काही खरं दिसत नाही."

"तुमची नाव पाणी धरते का?"

"पाणी असलं तर धरते."

राणी काठावर बसली. तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात घातले. कडकडाट झाला, ढग गडगडावा तसा, आणि बर्फाला ह्या काठापासून त्या काठापर्यंत भेग गेली. मग नदी जागी झाली. मोठमोठे तुकडे एकमेकांवर आपटत वाहून गेले, पाणी मोकळं झालं, नाव हलली. शेलारानं चिलीम खिशात घातली, वल्हं उचललं आणि एवढंच विचारलं, "कुठं उतरायचं?"

पलीकडच्या काठावर उतरताना राणीनं मागं पाहिलं. पाण्याच्या कडेला बोटभर गवत उगवलं होतं, आणि शेलार वाकून त्याला हात लावून पाहत होता.

पुढं खिंड होती. तिच्या दोन्ही भिंती बर्फाच्या, आणि बर्फ आरशासारखा घासलेला. ह्या आरशांत माणसाला आपला चेहरा दिसत नसे, आपलं मरण दिसत असे. जो डोळे मिटून चालेल त्याला वाट संपत नसे, आणि जो डोळे उघडे ठेवील तो बहुधा पळून जाई. खिंडीच्या तोंडाशी अशा पळालेल्यांची पायताणं पडली होती.

राणी डोळे उघडे ठेवून आत शिरली.

पहिल्या आरशात ती अंथरुणावर होती, ओठ निळे. दुसऱ्यात तिला तिरडीवर बांधत होते. मग चिता दिसली, आणि चितेच्या बाजूला पुष्करसेन बसला होता, मुकुट नसलेला, एकदम म्हातारा झालेला. राणी तिथं थबकली. तिच्या मरणानं तिला थांबवलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यानं थांबवलं. तिला वाटलं, परत फिरावं, त्याला सांगावं की राहू दे राज्य, आपण दोघं उबेला बसू.

"राणीसाहेब," खांद्यावरचा दयाळ म्हणाला, "आरसा जे दाखवतो ते खोटं नसतं. पण आरशाला सगळं दिसतं असंही नाही."

राणीनं डोळे पुसले. "दिसलं," ती आरशाला म्हणाली. "आता वाट दे."

खिंड संपली.

श्वेतगिरीच्या माथ्यावर तुहिनाक्षाचा वाडा होता. त्याला दारं नव्हती, कारण त्याच्याकडे येणारा कुणी नव्हता. मांत्रिक चौकात उभा होता. उंच, स्वच्छ, म्हातारा, आणि त्याच्या डोळ्यांत बुबुळांच्या जागी गारा होत्या.

"राणी, तुला मी जीव दिला," तो म्हणाला. "आणि तू तक्रार घेऊन आलीस?"

"तक्रार नाही. परत द्यायला आले आहे."

"एका वेळी एकच गोष्ट. तुझ्या खांद्यावरचा पक्षी जरा माझ्याकडे दे."

त्यानं हात हलवला आणि म्हातारा दयाळ खांद्यावरून नाहीसा झाला. दुसऱ्या क्षणी चौक दयाळांनी भरून गेला. सगळे म्हातारे, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या, सगळ्यांच्या छात्या तांबड्या. "ह्यांत एक तुझा, बाकीचे मी बर्फाचे केलेले. हात न लावता तुझा ओळख. चुकलीस तर तूही बर्फ होऊन माझ्या चौकात उभी राहशील." हे बोलून मांत्रिकानं टाळी वाजवली, आणि बर्फाचे दयाळ गाऊ लागले.

असं गाणं राणीनं जन्मात ऐकलं नव्हतं. शीळ, तान, मुरकी. वसंताच्या भर सकाळीसुद्धा खरा दयाळ इतकं सुंदर गात नाही. ऐकता ऐकता तिचं भान हरपायला आलं. मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती ऐकायचं सोडून पाहू लागली. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. एका खांबाच्या पायथ्याशी, गर्दीत दबून, एक चोच मिटलेलीच होती.

"तो," राणी म्हणाली. "वसंत आल्याशिवाय खऱ्या दयाळाच्या गळ्यात सूर नसतो."

बर्फाचे पक्षी फुटून चुरा झाले. म्हातारा दयाळ पंख झटकत तिच्याकडे आला.

तुहिनाक्ष एक पाऊल मागं सरला. "अजूनही माघारी जा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात विनवणी होती. "तुला मरण येणार नाही. केस पांढरे होणार नाहीत. एवढं कुणी कुणाला देत नाही."

"घ्या तुमचं परत," राणी म्हणाली.

अट ती अट. मांत्रिकानं हात तिच्या छातीसमोर धरला आणि ओंजळीत पाणी घ्यावं तसा वसंत बाहेर काढला. तो सोनेरी होता आणि त्याला मोहराचा वास होता. त्याच्या हातात तो क्षणभरही राहिला नाही. वाऱ्यासारखा निसटला, डोंगर उतरला, खिंडीचे आरसे त्याच्या वाटेत आले ते पाणी होऊन गेले, आणि तो राज्याकडे धावला. मांत्रिकाचा वाडा छपरापासून गळू लागला. तुहिनाक्ष भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याच्या डोळ्यांतल्या गारा विरघळल्या आणि तिथं साध्या, थकलेल्या म्हाताऱ्याचे डोळे उरले.

पण ज्या वाटेनं वसंत गेला, त्याच वाटेनं राज्यावरचा गारठा धन्याकडे परत आला. शेतांवरचा, विहिरींवरचा, कौलांवरचा सगळा गारठा एकवटून राणीच्या छातीत शिरला. ती गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली. ओठ निळे पडले.

म्हातारा दयाळ तिच्या छातीवर उतरला. त्यानं चोचीनं काहीतरी टिपलं, दाणा टिपावा तसं. तो गारठ्याचा कण होता. मग त्यानं मान वर करून आभाळात दाटलेल्या थव्यांना हाक मारली.

"या. एकेक कण घ्या. एकटीला हा गारठा मारील; आपण वाटून घेतला तर आपल्याला नुसती शिंक येईल."

थवे उतरले. एक दयाळ येई, एक कण टिपी, आपल्या तांबड्या छातीशी धरून उडून जाई, आणि त्याच्या जागी दुसरा येई. उत्तरेचे आले, पूर्वेचे आले, समुद्रापलीकडचे आले. ह्या राणीनं त्यांच्यावरचं जाळं थांबवलं होतं, पण त्यांतल्या कितीतरी पाखरांना ते माहीतही नव्हतं. पुढचा टिपतो आहे म्हणून मागचा टिपत होता. सूर्य कलला, तरी रांग चाललीच होती. राणीच्या गालांवर रंग आला. बोटं हलली.

शेवटी काळजाला चिकटलेला एक खडा तेवढा राहिला, सुपारीएवढा. तो एका पाखराचं काम नव्हता. म्हातारा दयाळ म्हणाला, "हा माझा," आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं तो उचलला.

राणीनं डोळे उघडले तेव्हा म्हातारा दयाळ तिच्या तळहातावर होता. त्याची छाती पांढरी पडली होती. दूर खाली, राज्याकडे, पहिला दयाळ गायला. म्हाताऱ्यानं मान तिरपी करून ते ऐकलं.

"बराच वरचा सूर लावला पोरानं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे मिटले.

राणीनं त्याला पदरात घेतलं आणि ती रडली. मग उठली. जाताना तिनं तुहिनाक्षाला विचारलं, "इथं एकटे राहून काय कराल? खाली नदीवर शेलार आहे. त्याला वल्ह्यावर हात हवा असेल." मांत्रिक उठला आणि थोड्या अंतरानं तिच्यामागून चालू लागला.

राणी वेशीवर आली तेव्हा आंबे मोहरले होते, पळस पेटले होते, आणि गाण्यानं कान भरून गेले होते. प्रत्येक झाडावर एकेकच दयाळ होता, आणि शेजारच्या झाडावरच्याशी भांडत होता. वेशीबाहेर जाळी घेऊन आलेली माणसं उभी होती, आणि त्यांच्यासमोर, पाठ पाखरांकडे करून, पुष्करसेन. राणी गेली तेव्हापासून तो तिथून हलला नव्हता. प्रधान विनवून थकला होता, लोकांनी दगड उचलले होते, एक त्याच्या कपाळाला लागलाही होता.

राजानं राणीला पाहिलं, पण तो तिच्याकडे धावला नाही. तो आधी लोकांकडे वळला आणि त्यानं सारं सांगितलं. काय मागितलं, कुणाकडे मागितलं, आणि त्याचं मोल कुणी भरलं.

लोकांतून एक धनगरीण पुढं आली. "महाराज, माझी सगळी कोकरं गेली."

"माझ्या कळपातली अर्धी तुझी," राजा म्हणाला. "आणि त्यानं भागणार नाही, हेही मला कळतं."

"नाही भागणार," ती म्हणाली. मग राणीकडे पाहून म्हणाली, "पण कपाळाला काही लावा त्यांच्या. रक्त येतं आहे."

म्हाताऱ्या दयाळाला राणीनं जाईच्या वेलीखाली पुरलं. राजाची कोठारं उघडली गेली, बी रुजलं, पीक उशिरा आलं पण भरून आलं. नदीवर दोन नावाडी दिसू लागले; त्यांतला एक फारसा बोलत नसे आणि त्याला ऊन फार आवडे.

पुढच्या मार्गशीर्षात राणीला पुन्हा खोकला लागला. वैद्यांनी काढे दिले आणि थांबून पाहायला सांगितलं. पुष्करसेनानं कुणालाही बोलावलं नाही. तो तिच्या उशाशी बसून राहिला, शेगडी फुंकत, तिचे पाय चोळत, कधी राज्याच्या गोष्टी सांगत, कधी नुसताच. पौष गेला, माघ गेला. फाल्गुनात एका सकाळी राणी आपली आपण उठली, शाल गुंडाळली आणि सज्जात जाऊन उभी राहिली.

"कशी आहेस?" राजानं विचारलं.

"गार वाटतं आहे," चारुमती म्हणाली आणि हसली. "सगळ्यांना वाटतं तेवढंच."

त्या राज्यात पुढं वसंत कधी लवकर आला, कधी उशिरा आला; पण आला तेव्हा सगळ्यांच्या दारी आला. तसाच तो ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्याच्याही दारी येवो.